दोन दारांच्या मस्टँगमध्ये चाइल्ड सीट : रत्नागिरीतल्या कामाच्या नोंदी

गाडी : फोर्ड मस्टँग, पाच लिटर व्ही-८, २०१६ पासून भारतात आली त्या पिढीतली. दोन दारं, मागे दोनच आसनं.
मूल : १६ महिने, उंची ७९ सेंमी, वजन १०.४ किलो.
काम : मागच्या डाव्या आसनावर मुलाची सीट पक्की बसवणं. गाडीत छिद्र, कापाकापी, वेल्डिंग नाही. मूल अजून मागे तोंड करूनच बसेल.

३ मे २०२५ : मापं

सीट अजून घेतलेली नाही हे बरं. एरवी लोक आधी सीट आणतात आणि मग ती गाडीत कोंबायला निघतात.

डावं आसन ठरवलं. आपल्याकडे डावी बाजू रस्त्याच्या कडेची, त्यामुळे मूल आत-बाहेर करताना पाठीमागून गाड्या अंगावर येत नाहीत. शिवाय चालकाची सीट हलवावी लागत नाही.

आधी गाडी सपाट जागी आणली. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असल्याने पाणसळ लावून एका बाजूच्या चाकांखाली फळी सारली. हे टाळलं असतं तर पुढचे सगळे कोन चुकले असते.

मागची पाठ ते पुढच्या डाव्या सीटची पाठ, गादीपासून ४० सेंमी उंचीवर : पुढची सीट नेहमीच्या जागी असताना ५४० मिमी, पूर्ण पुढे आणि पाठ सरळ केल्यावर ७४० मिमी. मागच्या गादीच्या दोन्ही कडांचे फुगवटे सोडून मधली खोलगट जागा ३७० मिमी रुंद. गादीपासून छतापर्यंत सरळ वर ८७० मिमी, पण काच उतरती असल्याने पाठीकडे ही उंची झपाट्याने कमी होते. गादीचा उतार पाठीकडे २२ अंश. गादीच्या पुढच्या कडेखालून गाडीतल्या जमिनीपर्यंत २५० मिमी.

शेवटच्या चार आकड्यांवर बहुतेक सीटा नापास होतात. स्पोर्ट्स कारची मागची गादी वाटीसारखी असते. रुंद बुडाची सीट वाटीच्या तळाला टेकत नाही, दोन्ही काठांवर तरंगते आणि वळणावर डुलते.

हापूसच्या पेट्यांचा पुठ्ठा कापून तीन साचे केले : ३८०, ४१० आणि ४४० मिमी रुंद. ३८० चा साचा तळाला टेकला. ४१० चा काठांना घासत बसला, पण वजन टाकल्यावर खाली गेला. ४४० चा वरच राहिला. म्हणजे बुडाची रुंदी ४१० च्या आत हवी आणि मागे तोंड केल्यावर लांबी ७०० च्या आत. दुकानात जाताना एवढेच दोन आकडे खिशात ठेवायचे.

५ मे : अँकर तपासणी

मागच्या दोन्ही आसनांना आयसोफिक्स आहे, म्हणजे मुलाची सीट बेल्टशिवाय थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या सळ्या. गादी आणि पाठीच्या सांध्यात बोट घातलं की आडवी सळी लागते. सळी ६ मिमी जाडीची आणि एका आसनाच्या दोन सळ्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २८० मिमी. हे प्रमाण जगभर एकच, म्हणून कुठल्याही देशातली आयसोफिक्स सीट कुठल्याही गाडीतल्या सळीला पकडते. पकडते, याचा अर्थ बसतेच असा नाही.

टॉर्च आणि छोटा आरसा लावून पाहिलं. डाव्या बाजूच्या बाहेरच्या सळीवर तांबूस डाग आहेत. गाडी समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत उभी असते. काच जरा उघडी राहिली तरी खारा वारा आत जातो, आणि हा सांधा म्हणजे धूळ व ओल साठायची हक्काची जागा. कोरड्या कापडाने पुसल्यावर डाग निघाले. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजलं : ५.९ ते ६.० मिमी. खड्डे नाहीत, म्हणजे गंज वरवरचा. खड्डे दिसले असते तर काम तिथेच थांबवून तो भाग बदलावा लागला असता. सळीला ग्रीस किंवा रंग लावायचा नाही. ग्रीसला जांभ्याची धूळ चिकटते आणि ती सीटच्या कुलुपाच्या जबड्यात जाते.

टॉप टेदरचे (सीटचा वरचा भाग मागे बांधणाऱ्या पट्ट्याचे) अँकर मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर, प्लास्टिकच्या झाकणांखाली. डावं झाकण उन्हाने ताठलेलं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की त्याची टाचणी मोडते, म्हणून प्लास्टिकची पट्टी घालून उघडलं. आतला अँकर स्वच्छ. बोल्ट हलवून बघायचा मोह होतो, पण हलवला नाही.

८ मे : आलेली जुनी सीट

नात्यातून एक सीट आली. लेबल फाटलेलं, पुस्तिका नाही, हार्नेसची (मुलाला सीटमध्ये बांधायच्या पट्ट्यांची) एक पट्टी उसवून पुन्हा शिवलेली. अपघात झालेला की नाही सांगता येत नाही. बाजूला ठेवली. या सीटचं माप घेण्यातही वेळ घालवला नाही.

लेबलाबद्दल एवढंच : नारंगी लेबलावर वर्तुळात ई आणि खाली आर४४/०४ किंवा आर१२९ (मुलांच्या सीटची जुनी आणि नवी संयुक्त राष्ट्रांची मानकं) असं असेल तरच पुढे पाहायचं. भारतीय मानक एआयएस-०७२ हे आर४४ च्याच धर्तीवर आहे. आर४४ मध्ये वजनाचे गट, आर१२९ मध्ये उंची. आर१२९ मध्ये बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आहे आणि १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायची परवानगीच नाही.

११ मे : पहिली सीट, फिरणारी

मालकांची पहिली पसंती ३६० अंशांत फिरणाऱ्या सीटला. कारण सरळ आहे : दाराकडे वळवून मूल बसवता येतं. ओळखीच्या दुकानातून पाहणीसाठी आणली. आर१२९, आयसोफिक्स आणि पुढे जमिनीला टेकणारा पाय. वजन १४.६ किलो, बूड ४४० मिमी.

पुठ्ठ्याने सांगितलं तेच झालं, काठांवर तरंगली. पण खरी अडचण पायाची. पाय सर्वात आखूड केला तरी २८५ मिमी, आणि खाली जागा २५०. पाय जमिनीला टेकला की बुडाची पुढची कड ३५ मिमी वर उचलली जाते. दोन्ही हिरवे निशाण दिसतात, आयसोफिक्स पकडलेलं असतं, पायही टेकलेला असतो. घरी बसवणारा माणूस समाधानाने दार लावून टाकेल. प्रत्यक्षात सगळा भार मागच्या दोन सळ्यांवर आणि पुढच्या एका नळीवर, मध्ये गादीचा आधारच नाही.

नळी कापून आखूड करा, अशी सूचना आली. ते करायचं नाही. पायाच्या आत उंची अडवणारी खाच आणि भार ओळखणारी यंत्रणा असते, आणि कापलेल्या पायावर कोणत्याही चाचणीचा शिक्का उरत नाही.

फिरण्याची सोयही इथे फुकट. दोन दारांच्या गाडीत मागच्या आसनासमोर दार नसतं, खांब आणि बंद काच असते. सीट ९० अंशांत वळवली की मुलाचं तोंड त्या खांबाकडे. शिवाय पुढच्या सीटची पाठ वाटेत येते. सेदान किंवा एसयूव्हीला ही सीट छान, इथे नाही.

आयसोफिक्सला वजनाचीही मर्यादा आहे : सीट आणि मूल मिळून ३३ किलो. जड सीट घेतली की मुलाच्या वाट्याचे किलो कमी होतात. १४.६ वजा केले तर १८.४ उरतात.

१२ मे : दुसरी सीट, सीटबेल्टवाली

आर४४/०४, मागे तोंड करून १३ किलोपर्यंत सीटबेल्टवर, पुढे तोंड करून आयसोफिक्स व टेदरवर. बूड ३९५, वजन ९ किलोच्या आसपास. वाटीत झकास बसली.

पण बेल्ट आखूड. मागे तोंड केलेल्या सीटला कमरेचा पट्टा बुडावरून आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालून न्यावा लागतो. साधारण माणसाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त पट्टा लागतो. पूर्ण ओढूनही बेल्टची जीभ (बकलमध्ये जाणारं टोक) बकलपासून ९० मिमी लांब राहिली. बाजारात बेल्ट लांबवायचे तुकडे मिळतात, ते लावायचे नाहीत. बकलची जागा बदलते आणि ते नेमकं सीटच्या कडेवर येऊन वाकतं.

आणखी एक विचार. गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये या पिढीच्या मस्टँगला दोन तारे दिले, मुलांच्या सुरक्षेत ३२ टक्के. सुधारित गाडीला त्याच वर्षी तीन तारे मिळाले. दोन ताऱ्यांमागचं एक कारण मागचे पट्टे : धक्क्याच्या क्षणी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आणि भार मर्यादित ठेवणारा लोड लिमिटर मागे नव्हता. त्यामुळे या गाडीत मूल स्वतःच्या पाच-बिंदू हार्नेसमध्ये आणि सीट थेट गाडीच्या सांगाड्याला, हीच जोडणी आम्हाला पटते. गाडीच्या बेल्टवर भरवसा टाकणारी बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवणारी सीट) इथे जितकी उशिरा येईल तितकं बरं.

१७ मे : तिसरी सीट, बसवली

आर१२९, ४० ते १०५ सेंमी, मागे तोंड करून १८ किलोपर्यंत. आयसोफिक्स आणि पायाऐवजी टॉप टेदर, दोन्ही दिशांना. बूड ४०५ मिमी, वजन ११.२ किलो. उत्पादकाच्या गाड्यांच्या यादीत हे मॉडेल आणि हे आसन आहे, ते आधी पाहिलं. सगळ्याच जागांना आय-साइझची (आर१२९ च्या सीटा बसतात अशी) खूण नसते. खूण नसेल तिथे यादीच प्रमाण.

क्रम असा ठेवला :

पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून पाठ वाकवली. लेदरवर जाड गादीचा संरक्षक टाकला नाही. तो दाबला जातो आणि धडकेत तेवढी ढील मिळते. दोन मिमीची न घसरणारी जाळी टाकली, तीही सीटच्या पुस्तिकेत परवानगी आहे म्हणून.

आयसोफिक्सचे दोन्ही हात पूर्ण बाहेर काढले. सळ्यांवर प्लास्टिकचे मार्गदर्शक चढवले. त्यांच्याशिवाय हात गादीच्या शिवणीत अडकतात आणि लेदरला ओरखडे पडतात.

सीट आत नेताना ती आडवी धरून, आधी टेदरचा पट्टा ट्रेकडे फेकायचा. हे विसरलं तर पट्टा सीटखाली अडकतो आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. एकदा झालंच.

डावा हात, मग उजवा. दोन स्वतंत्र खट्‌ आवाज ऐकू आले पाहिजेत. दोन्ही निशाणं हिरवी. मग प्रत्येक हात वेगळा ओढून पाहिला. हिरवं निशाण जबडा बंद झाल्याचं सांगतं, सळी जबड्यात आहे याची खात्री ओढल्यावरच होते.

आता आवळणं. एका गुडघ्याने बूड गादीत दाबून दोन्ही हातांनी पाठीकडे रेटलं, रॅचेटचे टिकटिक आवाज थांबेपर्यंत. एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी असं केलं तर सीट तिरकी बसते. आलटून पालटून दोन-दोन दाते घ्यायचे.

मग टेदर. हूक अँकरमध्ये, पट्टा सपाट, पीळ नाही, निशाण हिरवं होईपर्यंत ताण. उरलेला पट्टा गुंडाळून रबराने बांधला. लोंबता ठेवला तर मुलाच्या हाती लागतो. टेदर हा ऐच्छिक पट्टा नव्हे. आर४४ च्या चाचणीत पुढे तोंड केलेल्या साध्या सीटमधल्या बाहुलीचं डोकं ५५० मिमीपर्यंत पुढे जाऊ दिलं जातं, टेदर असलेल्या आयसोफिक्स सीटला ५०० मिमीच. पुढच्या सीटची पाठ इतकी जवळ असलेल्या गाडीत हे पाच सेंमी फार मोलाचे. मागे तोंड असताना तोच पट्टा सीटला उलटण्यापासून रोखतो.

कोन : गादीचा २२ अंशांचा उतार इथे एका अर्थी कामी आला. गादीची पुढची कड उंच असल्याने मागे तोंड केलेल्या सीटचा डोक्याकडचा भाग वर उचलला जातो आणि मूल जास्त ताठ बसतं. सीटच्या कलाच्या तिसऱ्या पायरीत उभ्या रेषेपासून ३४ अंश मिळाले. १६ महिन्यांच्या मुलाला हे चालतं आणि सीट लांबीला कमी जागा खाते. दोन महिन्यांचं बाळ असतं तर हाच ताठपणा धोक्याचा : मान पुढे पडते, श्वास अडतो. त्या वयाला ४५ अंशांच्या जवळ जावं लागतं आणि तेवढी जागा या गाडीत नाही.

हालचाल तपासली. चिकटपट्टीची खूण करून बुडाशी, हात जोडलेले असतात तिथे, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवलं. ८ मिमी. मर्यादा २५. सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवलं तर जास्त हलते, ते माप धरायचं नाही.

हार्नेस : मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली, पुढे तोंड केल्यावर पातळीत किंवा किंचित वर. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत उभी घडी येता कामा नये. घडी आली म्हणजे अजून एक ओढ बाकी.

१८ मे : रस्त्यावर

रत्नागिरी ते पावस आणि परत, मग हातखंब्यापर्यंत. सीटमध्ये मुलाऐवजी १० किलो तांदळाची गोणी, हार्नेसमध्ये बांधलेली. गतिरोधक, खड्डे, वळणं सगळं मिळालं. या गाडीची सस्पेन्शन ताठ असल्याने सीटला सतत बारीक हादरे बसतात.

परत आल्यावर हालचाल १२ मिमी. गादीचा फोम बसला. पुन्हा गुडघा लावून प्रत्येक बाजूला एकेक दाता घेतला, टेदर बोटभर आवळला, ७ मिमी. असंच दुसऱ्या फेरीनंतरही पाहायचं. फोम एकदा बसला की मग फरक पडत नाही.

आवाज येत होता तो सीटचा नव्हता. रिकाम्या उजव्या आसनाच्या बेल्टचं बकल प्लास्टिकवर वाजत होतं.

१९ मे : पुढच्या सीटचा प्रश्न

सगळ्यांना टाळावासा वाटणारा हा भाग. मुलाच्या सीटला ६६० मिमी लागतात आणि आम्ही पुढच्या पाठीपासून ३० मिमी मोकळे ठेवले, म्हणजे ६९०. पुढची सीट पूर्ण पुढच्या जागेपासून फक्त ५० मिमी मागे येऊ शकते. तिथे मध्यम उंचीचा माणूस बसवून छाती ते डॅशबोर्ड मोजलं : २४० मिमी. एअरबॅगपासून किमान २५ सेंमी अंतर राहावं असा सर्वमान्य सल्ला आहे, आणि गुडघे तर टेकतातच. निर्णय : मूल गाडीत असताना पुढची डावी सीट रिकामी. दुसरा मोठा माणूस चालकाच्या मागे, तोही चालक बुटका असेल तर. चार आसनांची गाडी व्यवहारात तीन आसनांची झाली.

यावर उपाय शोधायचा नाही. पुढची सीट जरा मागे ढकलून मुलाची सीट दाबली, किंवा कल कमी करून ती अधिक उभी केली, की ८ मिमीचं सगळं काम वाया.

मूल बसवण्याचा क्रम : पुढच्या सीटची पाठ वाकवायची, सीट पुढे, माणूस एक पाय आत आणि कंबर वाकवून, मूल आधी कुशीवर मग सीटमध्ये. दार पूर्ण उघडायला बाजूला जवळपास मीटरभर मोकळी जागा हवी. बाजारपेठेत गाडी लावताना हे आधी बघायचं. पुढची सीट परत जागी आणताना ती मागे जाऊन मुलाच्या सीटवर आपटते. म्हणून रुळाच्या बाजूला, दाराच्या उंबऱ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. सीट खुणेच्या मागे गेली तर चूक.

२२ मे : ऊन

मागची उतरती काच थेट मुलाच्या सीटवर. दुपारी दोनला, बंद गाडीत, हार्नेसच्या बकलचा धातू ५८ अंश सेल्सिअस. मांडीच्या कातडीला लागला तर काही सेकंदांत भाजतो. गाडी उभी करताना सीटवर पांढरा पंचा. निघण्याआधी बकल हाताच्या पाठीने तपासायचं.

काचेवर काळी फिल्म लावून घ्या असं सुचवलं गेलं. मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे, त्यामुळे गडद फिल्म बाद. बाजूच्या काचेला चिकटून राहणारी जाळी लावली. रबरी चकतीवर लटकणारा पडदा नको, धक्क्यात चकती सुटून उडते.

मागे एसीचे व्हेंट नाहीत. पुढचे मधले दोन व्हेंट वर वळवून हवा छताखालून मागे जाईल असे ठेवले. निघण्याआधी पाच मिनिटं दारं उघडी.

२७ मे : पाऊस

यंदा मान्सून २५ मेलाच तळकोकणात आला. मिरगाची वाट पाहायची गरजच उरली नाही, आणि आवरणांचा दुसरा संच मागवायचा राहून गेला होता.

या गाडीच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. पावसात दार उघडलं की छताच्या कडेवरचं पाणी पागोळीसारखं आत पडतं, आणि पुढची सीट वाकवलेली असताना ते मुलाच्या सीटच्या कडेवर येतं. उपाय साधा : उघडण्याआधी छताच्या कडेवरून कापड फिरवायचं आणि छत्री दारावर नव्हे, छतावर धरायची.

रेनकोट घालून मुलाला बांधायचं नाही. वरून पट्टा घट्ट लागतो, धडकेत रेनकोट दबतो आणि पट्टा तेवढा ढिला. रेनकोट काढायचा, पट्टे आवळायचे, मग हवं तर अंगावर पंचा.

१४ जून : दुसऱ्या गाडीची विचारणा

दोनच आसनांची जुनी रोडस्टर. मागे आसन नाही, पुढे आयसोफिक्स नाही. मागणी : सीटखाली सळी वेल्ड करून द्या.

नकार दिला. हिशोब असा : ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. अर्ध्या मीटरमध्ये थांबायचं तर वेग कमी होण्याचा दर साधारण १९३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट. १२ किलोचं मूल आणि १० किलोची सीट, मिळून २२ किलोचा ओढा ४२०० न्यूटनच्या वर, साधारण ४३० किलो वजन लटकवल्यासारखा. हा सरासरी आकडा झाला, क्षणभराचा कळस त्याहून मोठा. म्हणून गाडी बनवणाऱ्यांना आयसोफिक्स अँकर पुढच्या दिशेने ८ किलोन्यूटन आणि तिरकस दिशेने ५ किलोन्यूटन ओढून सिद्ध करावे लागतात. पत्र्याच्या सीटपॅनवर सळी वेल्ड केली तर सळी टिकेल, पत्रा फाटेल. वेल्डच्या बाजूचा पत्रा गरम होऊन कमजोर होतो, आणि आपल्या हवेत तिथूनच गंज सुरू होतो.

त्या गाडीत पुढच्या आसनाला एअरबॅग आहे आणि ती बंद करायची किल्लीची खाच नाही. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. एअरबॅग ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगते आणि मुलाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. फ्यूज काढून ठेवू, हाही उपाय नाही. तो फ्यूज बऱ्याचदा चालकाच्या एअरबॅगसह सगळी यंत्रणा बंद करतो. मोठ्या मुलाला, पुढे तोंड करून, त्याच गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर पुढचं आसन पूर्ण मागे नेऊन बसवता येतं. पुस्तिकेत नाही असं लिहिलं असेल तर मूल दुसऱ्या गाडीत.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब आहे : १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. मांडीवर घेतलेलं मूल यातच येतं.

६ जुलै : पुळण आणि बुरशी

मस्टँग परत आली. तक्रार : मधलं बकल खट्‌ वाजतं पण एका बाजूची जीभ सुटते. कारण सापडायला वेळ लागला नाही. मे महिन्यातली गणपतीपुळ्याची पुळण, वर बिस्किटाचा चुरा, आणि पावसाच्या ओलीने त्याचा झालेला गारा.

बकल पट्ट्यासकट खालून मोकळं केलं. कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून लाल बटण वीस-पंचवीस वेळा दाबलं, पाणी तीनदा बदललं. तिसऱ्या पाण्यातही वाळू होती. मग पालथं ठेवून पंख्याखाली रात्रभर. तेल किंवा स्प्रे अजिबात नाही : आज गुळगुळीत चालतं, आठ दिवसांत दुप्पट वाळू धरतं. कोरडं झाल्यावर दोन्ही जिभा वेगवेगळ्या आणि एकत्र घालून ओढल्या. धरल्या.

आवरणाच्या पाठीवर करडे ठिपके. आवरण काढून ३० अंशांच्या पाण्यात धुतलं. पावसाळ्यात सावलीत सुकायला अडीच दिवस लागले. तोवर गाडीत मुलाची सीट वापरात नाही, म्हणून आवरणांचा दुसरा संच या दिवसांत चैन नव्हे. हार्नेसचे पट्टे मशीनमध्ये नाहीत, ब्लीच नाही, इस्त्री नाही. सौम्य साबणाचं फडकं आणि साधं पाणी. आवरण निघालेलंच होतं म्हणून आतल्या थर्मोकोलला चिरा आहेत का तेही पाहिलं. नाहीत.

आयसोफिक्सची डावी सळी पुन्हा तांबूस. पुसली, ५.९. दर दोन महिन्यांनी बघायची.

२२ ऑगस्ट : गणपतीआधी

२७ ला गणपती, त्याआधी राजापूरच्या बाजूला गावी जाणं. मूल आता ८२.५ सेंमी, ११.२ किलो. मागे तोंड करून बसायची उंची आणि वजन दोन्ही अजून बरंच बाकी. पाय पाठीला टेकून दुमडतात ही तक्रार आली. त्याने काही बिघडत नाही, मुलं मांडी घालून बसतात.

खांद्याचे पट्टे एक घर वर घेतले. कल तिसऱ्यावरून दुसऱ्यावर : ३१ अंश, लांबी ६४५. पुढची सीट १५ मिमी मागे घेता येईल, पण खूण जुन्या जागीच ठेवली.

हालचाल ९ मिमी. दोन्ही हात ओढून पाहिले. टेदर दोन बोटं ढिला निघाला, आवळला. डिकीत सामान भरताना कोणीतरी ट्रेवरचा पट्टा सरकवलेला दिसतो. डिकीतल्या मोदकांच्या साच्याचा आणि समयांचा खोका मागच्या पाठीला टेकवून घट्ट बांधायला सांगितला, कारण या गाडीत मागची पाठ दुमडणारी आहे आणि तिचं कुलूप नीट लागलंय की नाही ते वरून ओढूनच कळतं. डावं लागलेलं होतं. उजवं नव्हतं, लावलं.

पुढची तपासणी दिवाळीनंतर, किंवा उंची ८७ झाली की, जे आधी होईल ते.